पेशींना झोपवणाऱ्या अक्का

आमच्या प्रयोगशाळेत पेशी वाढवायची एक छोटी खोली होती. तिथं कुणी जरा मोठ्यानं बोललं की अक्का ओठांवर बोट ठेवायच्या आणि डोळे वटारून म्हणायच्या, "श्श! उठतील ना त्या!"

नवीन माणसाला वाटायचं, बाई थट्टा करताहेत. मलाही वाटलं आणि मी हसले. त्यांनी मला दंडाला धरून बाहेर आणलं आणि घरात तान्हं मूल झोपलेलं असताना लोटतात तसं दार हळूच लोटून घेतलं.

"पेशींना कान असतात का, अक्का?" मी विचारलं.

"नसतात. ठाऊक आहे मला. डॉक्टरेट आहे माझी. पण हळू बोलणारा माणूस हळू चालतो, हळू दार लावतो, बशी हळू ठेवतो. कळलं? सरी, ठीक. आता जा आत."

त्या पेशी लिव्हरमधल्या. 'यकृत' हा शब्द अक्कांना अजिबात आवडत नसे. घशात काहीतरी अडकल्यासारखा वाटतो, म्हणायच्या. लिव्हर धडधाकट असतं तेव्हा या पेशी निवांत पडून असतात. लिव्हरला इजा झाली, मग ती दारूनं असो, काविळीनं असो, नाहीतर नुसत्या चरबीनं, की त्या जाग्या होतात आणि जखमेवर धागे विणायला लागतात. हे सगळं मी एमएस्सीला इंग्रजीत पाठ केलं होतं, पण समजलं अक्कांनी सांगितलं तेव्हा. त्यांच्या घराण्याचा धंदा शिंप्याचा. वडिलांचं जुन्या पेठेत रफूचं दुकान होतं.

"आमचे अप्पा शालीला रफू करायचे ना, तसं," त्या म्हणाल्या. "फाटलं, शिवलं. छान झालं. पण फाटणं थांबतच नाही म्हटल्यावर ह्या बायका शिवतच बसतात. मग कापड कुठं राहतं? नुसता दोरा. लिव्हरचं काम दोऱ्याला येतं का? नाही येत. म्हणून आपण काय करायचं? जाऊन सांगायचं, 'आजीबाई, साकु. पुष्कळ झालं. झोपा आता.'"

एवढंच आमचं काम होतं. वेगवेगळ्या वनस्पतींचे अर्क काढायचे आणि त्यांतल्या कशानं या पेशी पुन्हा झोपतात का ते बघायचं. कंपनी बंगळूरच्या टोकाला, बोम्मसंद्र्याला होती. खालच्या मजल्यावर मोठमोठ्या टाक्यांमधून पाला उकळायचा आणि वर आमची प्रयोगशाळा. त्या कडू वाफेचा वास केसांत, डब्यात, ओढणीत असा मुरायचा की शेअर ऑटोत शेजारचा माणूस हमखास विचारायचा, "आयुर्वेदा फॅक्टरी, मॅडम?"

माझी मुलाखत मात्र बोम्मसंद्र्याला झाली नव्हती. अक्कांनी मला फोनवर सांगितलं, "शनिवारी सकाळी देवनहळ्ळीला ये. किल्ल्याच्या स्टॉपवर उतर, तिथून कुणालाही विचार, तण उपटणारी बाई कुठं आहे म्हणून." मी नागपूरहून नवीनच आले होते. फाइलमध्ये प्रमाणपत्रं, पायात चांगल्या चपला. एका चहावाल्यानं न बोलता हात करून रस्ता दाखवला. पुढं लाल मातीचं मोकळं रान, त्यात प्लॉट पाडलेले, दगड रोवलेले, आणि मधोमध इरकली साडी, पांढरे स्पोर्ट्स शूज आणि क्रिकेटच्या पंचासारखी पांढरी हॅट घातलेली एक सत्तावन-अठ्ठावन वर्षांची बाई गुडघ्यांवर बसलेली.

"शेत विकलं की फवारणी थांबते," त्यांनी नमस्काराऐवजी सांगितलं. "घर बांधेपर्यंत दोन-तीन वर्षं जातात. तेवढ्यात तण काय सुखात वाढतं, बघ. बस की खाली."

मी फाइल मांडीवर घेऊन मातीत बसले. त्यांनी दोन रोपटी पुढं केली. दोन्ही वीतभर, चिंचेसारखी बारीक पानं, पानांखाली ओळीनं मोहरीएवढी फळं. "यातली भुईआवळी कुठली?"

मला दोन्ही सारखीच दिसत होती. तसं मी सांगितलं.

"दोन्ही सारखीच दिसतात, खरं आहे," त्या म्हणाल्या. "एकीचा देठ हिरवा, एकीचा लालसर. हिरवी भुईआवळी. लाल ती तिची मावसबहीण. परवा आलेल्या मुलानं दोन्हींची लॅटिन नावं सांगितली. दोन्ही चुकीची. सोमवारपासून ये."

लोकांना त्या गावांच्या नावानं हाक मारत. मी 'नागपूर'. पेशींची खोली सांभाळणारी मंजुळा 'तुमकूर'. एक केरळातला मुलगा होता तो 'पालक्काड'. मालकांसमोर एकदा त्या कॉरिडॉरमधून ओरडल्या, "ए नागपूर, तुमकूरला सांग पालक्काडनं फ्रिज उघडा टाकलाय!" मालकांकडे आलेले पाहुणे हातातला कप तसाच धरून बघत राहिले.

त्यांची मराठीही ऐकण्यासारखी होती. त्यांचे पूर्वज कुठल्याशा सैन्याबरोबर या मुलखात आले आणि परत गेलेच नाहीत. घरात मराठी, बाहेर कन्नड, असं पिढ्यान्‌पिढ्या. एकदा मी त्यांच्या 'स्वल्प थांब की' वर हसले तर म्हणाल्या, "तुम्ही लोक मराठी बोलता. आम्ही ती लोणच्यासारखी मिठात घालून ठेवली. खारट लागणारच. पण टिकली की नाही?"

या बाईंची सगळ्यात विचित्र सवय म्हणजे त्या स्वतःच्या प्रयोगाचा निकाल स्वतः कधी बघत नसत. मंजुळा अर्काच्या बाटल्यांवर नुसती अक्षरं लिहायची आणि कुठल्या अक्षरात काय आहे याची चिठ्ठी पाकिटात घालून चिकटवायची. मी सूक्ष्मदर्शकाखाली जाग्या पेशी मोजायची, लाल रंगवलेले धागे बघायची आणि आकडे वहीत लिहायची. पाकीट शेवटी फोडायचं. तोवर अक्का कॉरिडॉरमध्ये स्टुलावर, भिंतीकडे तोंड करून.

"तुम्ही का नाही बघत?" मी एकदा विचारलं.

"माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास नाही, नागपूर. ते माझ्या बाजूचे आहेत."

मी लागले त्या पहिल्याच हंगामात आम्हाला यश मिळालं. भुईआवळीच्या अर्कातल्या पेशी अशा काही झोपल्या की मला मोजताना भीती वाटली, मेल्या की काय. मेल्या नव्हत्या. नुसत्या शांत झाल्या होत्या. बाहेरच्या एका संस्थेनं उंदरांवर तोच अर्क तपासला. तिथून आलेल्या लिव्हरच्या कापांमध्येही लाल धागे कमी. मालक आनंदानं वर आले ते लेबलाचं डिझाइन घेऊनच. हिरवं पान, त्यावर हसरं लिव्हर.

"सुंदर आहे," अक्का म्हणाल्या. "कपाटात ठेवा. पुढच्या हंगामाचा पाला आणून पुन्हा करू. पुन्हा जमलं तर बोलू."

"आणि नाही जमलं तर?"

"तर लिव्हर उगाच हसतंय."

मालक माणूस चांगला होता, पण त्यालाही कंपनी चालवायची होती. पुढचा हंगाम, एवढीच मुदत त्यानं दिली. त्यानंतर वरचा मजला बंद, आम्ही सगळे खाली टाक्यांपाशी, नाहीतर घरी.

त्याच सुमारास बाबा नागपूरहून माझ्याकडे राहायला आले. आई गेल्यापासून ते एकटेच असत. टपाल खात्यात सगळी नोकरी पत्रं वेगळी करण्यात गेली. निवृत्तीनंतर बसून बसून पोट सुटलं, साखर वाढली. आल्या आल्या तपासण्या केल्या तर डॉक्टरांनी लिव्हरचा कडकपणा मोजायला लावला. ज्यांनी आयुष्यात दारूला हात लावला नाही त्या माझ्या बाबांच्या लिव्हरवर व्रण धरायला लागले होते. अजून वेळ गेलेली नाही, वजन उतरवा, चाला, सहा महिन्यांनी या, असं डॉक्टर म्हणाले.

बाबांना त्यातलं एकच वाक्य ऐकू आलं. "अगं, तू लिव्हरचंच औषध करून राहिली ना? मग आण की एक बाटली."

मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी नाही म्हटलं. तिसऱ्या दिवशी ते जेवताना नुसते ताटाकडे बघत राहिले. चौथ्या दिवशी मी फ्रिजमधली अर्काची एक छोटी बाटली रुमालात गुंडाळून डब्याच्या पिशवीत टाकली.

तो शुक्रवार होता. रात्रभर ती बाटली आमच्या फ्रिजमध्ये दुधाच्या मागं बसून होती आणि द्यावी की न द्यावी हे मला ठरवता येईना. शनिवारी सकाळी सातला दार वाजलं. दारात पंचाची हॅट.

मी काही बोलायच्या आत अक्का आत आल्या, चपलांच्या जागी शूज काढून नीट जोडून ठेवले आणि बाबांना नमस्कार केला. "अण्णा, तुमच्या मुलीनं काल चोरी केली. रात्री फ्रिजमधल्या बाटल्या मोजल्या, एक कमी. तुमच्यासाठी केली. मला राग आलाय, आणि मला ती आवडलीपण. बाटली कुठं आहे?"

मी फ्रिजमधून बाटली काढून त्यांच्या हातात दिली आणि रडायला लागले. बाबा उठून उभे राहिले. "मॅडम, तिची चूक नाही. मीच मागं लागलो होतो. पण मला एक सांगा, पाल्याचाच तर रस आहे. त्यानं काय बिघडते?"

"धोतराही पालाच आहे, अण्णा." अक्का पाटावर बसल्यासारख्या ऐसपैस सोफ्यावर बसल्या. "ऐका. हे उंदरांनी घेतलं आहे. थोडे दिवस. माणसाला किती द्यायचं, मला ठाऊक नाही. जे थोडं घेतलं तर लिव्हर राखतं, ते जास्त घेतलं तर लिव्हर जाळतं, अशी पुष्कळ पानं आहेत. तुमचं लिव्हर आधीच दमलंय. त्याच्यावर मी अंदाज करू का?"

"मग मी काय करू? बसून वाट पाहू?"

"बसू तर मुळीच नका. शूज आहेत का?"

बाबांकडे शूज नव्हते. कॅनव्हासचे एक जुने बूट होते. ते घालून ते त्याच सकाळी अक्कांबरोबर देवनहळ्ळीला गेले आणि दुपारी तोंड लाल, धोतराऐवजी घातलेल्या पॅंटचे गुडघे लाल, अशा अवतारात परत आले. आल्या आल्या म्हणाले, "काय बाई आहे बाप्पा! पाणी प्यायला बसू देत नाही. उभ्यानं प्या म्हणते."

पुढच्या शनिवारी ते माझ्याआधी तयार. मग बुधवारीही जायला लागले, एकटेच. अक्कांनी त्यांना 'थोरले नागपूर' ही पदवी दिली आणि पाला निवडायचं काम सोपवलं. जन्मभर पत्रं वेगळी केलेला माणूस तो. एकेक रोप उचलायचं, देठ बघायचा, हिरवं चादरीवर, लाल कुंपणापलीकडे. हात असे चालायचे की प्लॉटवरचा वॉचमन खुर्ची जवळ ओढून बघत बसायचा. त्याला मराठी येत नव्हती, बाबांना कन्नड. दोघं तासन्‌तास गप्पा मारायचे.

इतका स्वच्छ पाला आमच्याकडे कधीच आला नव्हता. तो सुकवला, अर्क काढला, बाटल्यांवर अक्षरं पडली. मी मोजायला बसले.

पेशी टक्क जाग्या होत्या. सगळ्या बशांमध्ये. मी दोनदा मोजलं, मंजुळानं एकदा मोजलं. पाकीट फोडलं. अर्क घातलेल्या आणि न घातलेल्या पेशींमध्ये काडीचा फरक नव्हता.

अक्का स्टुलावरून उठल्या नाहीत. भिंतीकडे तोंड तसंच ठेवून म्हणाल्या, "आकडे वाच."

मी वाचले.

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचले. मग त्या वळल्या. मला वाटलं होतं त्या चिडतील. त्या फक्त म्हणाल्या, "बरं झालं लेबल छापलं नाही," आणि मालकांना सांगायला स्वतः खाली गेल्या. वर येताना जिन्यात एकदा थांबल्या, कठड्याला धरून. तेवढंच मला दिसलं.

मालकांनी हंगाम संपेपर्यंतचे तीन-चार आठवडे दिले. मंजुळा डब्यातलं अर्धं जेवण परत न्यायला लागली. तिच्या घरी तिच्याच पगारावर सगळं होतं. मी घरी येऊन बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "माझ्या हातून काही चुकलं का गं?"

"तुमच्या हातून काय चुकणार? तुम्ही एकसुद्धा लाल देठ येऊ दिला नाही."

त्या शनिवारी मीही देवनहळ्ळीला गेले. कामाला अर्थ उरला नव्हता, पण अक्का गेल्या म्हणून बाबा गेले आणि बाबा गेले म्हणून मी. सवयीनं आम्ही उपटत होतो. बाबा निवडत होते. एक हिरवं, एक लाल. मधेच त्यांनी हात थांबवला.

"अक्का, एक विचारू? मी यायच्या आधी हे निवडायचं काम कोण करायचं?"

"कुणी नाही हो अण्णा. गावातल्या बायका पोती भरून द्यायच्या. मी वरवर बघायची. स्वल्प लाल असायची आत, पण पोत्यात कोण..."

त्या बोलता बोलता थांबल्या. हातातलं खुरपं खाली ठेवलं. कुंपणापलीकडे बाबांनी टाकलेल्या लाल देठांचा ढीग वाळत पडला होता. अक्का त्या ढिगाकडे बघत राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, "अय्यो."

"काय झालं?" बाबा घाबरले.

"पहिल्या पोत्यात मावसबहीण होती," त्या हळूहळू म्हणाल्या, जणू पेशींच्या खोलीत बोलत होत्या. "दुसऱ्यात नव्हती. पहिल्यानं पेशी झोपल्या. दुसऱ्यानं नाही झोपल्या." मग त्या उठल्या, साडी सावरत कुंपणाच्या तारेतून पलीकडे घुसल्या आणि डोक्यावरची हॅट काढून तिच्यात तो टाकलेला पाला भरायला लागल्या. हॅट भरल्यावर पदरात. वॉचमन धावत पोतं घेऊन आला.

परतीच्या बसमध्ये त्या स्वतःवर रागावलेल्या होत्या आणि आनंदातही होत्या, दोन्ही एकदम. "आळस केला मी. पहिल्या वर्षी आळस केला म्हणून यश आलं. हे लिहावं लागणार, नागपूर. स्पष्ट लिहावं लागणार."

त्यानंतरचे तीन आठवडे आम्ही कसे काढले ते आम्हालाच ठाऊक. चार बाटल्या: हिरव्या देठाची, लाल देठाची, पहिल्या हंगामातला उरलेला मिसळीचा अर्क, आणि एकीत काहीच नाही. पहिल्या वेळी लाल देठाच्या बशीतल्या पेशी झोपल्या. अक्का म्हणाल्या, पुन्हा. दुसऱ्या वेळी झोपल्या. अक्का म्हणाल्या, नवा पाला आणा, अक्षरं बदला, पुन्हा.

तिसऱ्या वेळी मी मोजून बाहेर आले तेव्हा दुपार होती. अक्का स्टुलावर. मालक जिन्याच्या तोंडाशी उभे, फोनचं कानातलं यंत्र हातात काढून घेतलेलं. मी म्हटलं, "क नावाच्या बशीतल्या झोपल्यात. ड मधल्या निम्म्याच झोपल्यात, ती मिसळ असावी. बाकीच्या जाग्या आहेत."

मंजुळानं पाकीट फोडलं. घाईत चिठ्ठी खाली पडली. पालक्काडनं उचलून वाचली. क म्हणजे लाल देठ. ड म्हणजे मिसळ.

 अक्का उठल्या, जिना उतरून खाली टाक्यांपाशी गेल्या आणि तिथं वाफेत उभ्या असलेल्या, पाला ढवळणाऱ्या माणसांना एकेकाला, ज्याच्या त्याच्या भाषेत सांगायला लागल्या. कन्नड, तमिळ, हिंदी, तेलुगू. एकाची भाषा त्यांना येत नव्हती तर त्यांनी दोन्ही हात गालाखाली घेऊन झोपल्याचा अभिनय करून दाखवला. तो माणूस हसत सुटला. मग सगळेच हसायला लागले. मालकांनी समोरच्या दर्शिनी हॉटेलातून सगळ्या कारखान्यासाठी डोसे मागवले आणि आम्ही ते टाक्यांभोवती उभ्यानं खाल्ले.

डोसा एका हातात धरून अक्कांनी बाबांना फोन लावला. "अण्णा, तुम्ही फेकत होता ना, तेच!"

फोनमधून बाबांचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. "म्हणजे इतके महिने मी औषध फेकून राहिलो होतो?"

"अजून औषध नाही. पिऊ नका!" अक्का ओरडल्या.

वरचा मजला राहिला. अहवालात अक्कांनी पहिल्याच पानावर लिहिलं की पहिला पाला नीट निवडला गेला नव्हता आणि ती चूक त्यांची होती. मालक म्हणाले, हे लिहायलाच पाहिजे का? त्या म्हणाल्या, हे नाही लिहिलं तर बाकीचं कोण खरं मानील? पुढं अर्काचे भाग पाडत पाडत आम्ही एका संयुगापर्यंत पोचलो. मग ते एका मोठ्या संस्थेनं हातात घेतलं. अजून तिथं तपासण्या चालूच आहेत. मी आता पुण्याला असते. अधूनमधून विचारते तर उत्तर येतं, चालू आहे, घाई नको.

सहा महिन्यांनी बाबांची तपासणी झाली. लिव्हर बरंच मऊ पडलं होतं. बाबांनी ते कागद अक्कांपुढं ठेवले आणि मोठ्या विश्वासानं म्हणाले, "पाल्याच्या वासानं झालं हे. इतके दिवस हातात होता ना."

"अण्णा, कृपा करून हे कुणाला सांगू नका," अक्का म्हणाल्या. "तुम्ही एक माणूस. एका माणसावरून मी काही म्हणत नसते. आणि तुमच्या पट्ट्याला तीन नवी भोकं पडलीत. लिव्हरला ती कळतात."

बाबांनी मान डोलावली आणि घरी येऊन नागपूरच्या सगळ्या नातेवाइकांना वासाची गोष्ट सांगितली.

मी बंगळूर सोडायच्या आधीची एक सकाळ सांगायची राहिली. वॉचमनचा फोन आला की प्लॉटवर जेसीबी आलाय, आजच सपाटी. अक्का, मंजुळा, बाबा आणि मी टोमॅटोचे रिकामे क्रेट घेऊन पोचलो तेव्हा एक कडा उकरून झालीही होती. त्या जागेइतकी दाट लाल देठाची मावसबहीण आम्हाला दुसरीकडे कुठं मिळाली नव्हती. अक्का सरळ यंत्रासमोर जाऊन उभ्या राहिल्या. ड्रायव्हरनं इंजिन बंद करून काय पाहिजे विचारलं. अक्कांनी कन्नडमध्ये सांगायला सुरुवात केली. लिव्हर, इजा, रफू, दोरा, आजीबाई. तो पोरगेला ड्रायव्हर ऐकत गेला. शेवटी म्हणाला, त्याचा मोठा भाऊ लिव्हरच्याच आजारानं दवाखान्यात आहे.

मग त्यानं आम्हाला बाजूला व्हायला सांगितलं. जेसीबीचा पंजा अलगद, अगदी अलगद मातीत उतरवला आणि परातीतल्या वडीसारखा मातीचा एक अख्खा थर, रोपांसकट, एकही पान न मोडता उचलून अक्कांच्या पायाशी आणून ठेवला. अक्कांनी खाली वाकून यंत्राच्या पंजावर थोपटलं, गाईच्या कपाळावर थोपटतात तसं, आणि ड्रायव्हरच्या भावाच्या डॉक्टरांचं नाव विचारून घेतलं.

तीन क्रेट भरले. आम्ही ते घेऊन बसमध्ये चढलो. कंडक्टरनं विचारलं, हे काय? अक्का म्हणाल्या, "कळे." कन्नडमध्ये कळे म्हणजे तण. तो हसला आणि क्रेटचं तिकीट न लावता पुढं जाऊ दिलं.

बाबा क्रेट मांडीवर घेऊन खिडकीशी बसले होते. काही वेळानं त्यांनी न बघताच विचारलं, "अक्का, माझ्या हयातीत येईल का हो हे औषध?"

 अक्का म्हणाल्या, "ठाऊक नाही, अण्णा. वेळ पुष्कळ लागतो. येणारही नाही कदाचित. तुम्हाला खोटं सांगणार नाही."

"नका सांगू," बाबा म्हणाले. "तुम्ही नाही म्हणत नाही, तेवढं पुष्कळ आहे." आणि त्यांनी एका लवलेल्या रोपाला बोटानं आधार दिला.

इतक्यात पुढच्या सीटवरच्या बाई मागं वळल्या. मघापासून त्या क्रेटकडे बघत होत्या. "हे कशाला नेताय?" त्यांनी कन्नडमध्ये विचारलं. "आमच्या परसात हेच माजलंय. रोज उपटून टाकते. लाल देठ, हेच. कंटाळा आला मला."

अक्का ताठ झाल्या. "रोज?"

"रोज."

"आज उपटलंत?"

"नाही अजून. आता जाऊन..."

बाईंचा स्टॉप आला. त्या उतरल्या, आणि त्यांच्या मागोमाग हॅट सावरत अक्काही उतरल्या.

"अक्का, क्रेट!" बाबा खिडकीतून ओरडले.

"तुम्ही न्या, अण्णा! पाणी घाला!" त्यांनी मागं न बघता हात हलवला. बस सुटली. मागच्या काचेतून आम्हाला दिसत होतं, त्या अनोळखी बाई पुढं आणि पांढऱ्या शूजमधल्या अक्का शेजारून, जवळजवळ पळत, हातवारे करून काहीतरी समजावून सांगत होत्या, आणि त्या बाईंनी हातातली भाजीची पिशवी खांद्याला लावून चालण्याचा वेग वाढवला होता. घाबरून नव्हे. त्यांनाही आता घाई झाली होती.